गाड्या चढावर ओढायला सांगा

आखाजीला म्हणजे अक्षय्यतृतीयेला, चैत्रात किंवा खंडेरावाच्या नाहीतर मरीआईच्या यात्रेला खानदेशातल्या गावोगावी बारागाड्या ओढल्या जातात. एकामागे एक बांधलेल्या बारा बैलगाड्या, त्यांत दाटीवाटीने बसलेली माणसं, पुढे भंडाऱ्याने पिवळा झालेला भगत आणि त्याच्या दोन्ही बाजूंना त्याला सावरणारे बगले. भगत गाड्यांभोवती फेरी घालतो, जूला हात लावतो, जयजयकार होतो आणि गाड्या हलतात. देवाच्या बळावर एकटा भगतच त्या ओढतो, असं मानलं जातं. गर्दीत एखादा टवाळ असतोच. तो ओरडतो, "भगत बा, यंदा चढवर वढी दखाड!" आजूबाजूचे हसतात. हल्ली मात्र कोणी हसत नाही, उलट वळून त्याच्याकडे डोळे वटारतात. ही टवाळी गावाने जपायला हवी होती, असं मला ठामपणे वाटतं. त्या एका वाक्यात गावाच्या कामाचं जेवढं शहाणपण आहे तेवढं श्रद्धेच्या बाजूने किंवा विरुद्ध होणाऱ्या शंभर भाषणांत नसतं.

आधी हिशेब मांडू. रिकामी बैलगाडी ३०० किलोची धरली आणि तीत साठ-साठ किलोची सहा माणसं बसवली, तर एका गाडीचं वजन ६६० किलो होतं. बारा गाड्यांचं मिळून जवळपास आठ टन. आठ टन हा आकडा ऐकला की छाती दडपते आणि चमत्काराची सगळी भिस्त त्या दडपणावर असते. पण गाडी उचलायची नसते, ढकलायची असते. टणक सपाट रस्त्यावर चाक फिरवायला वजनाच्या साधारण दोन ते तीन टक्के जोर लागतो. म्हणजे आठ टनांना १६० ते २४० किलोची ओढ. पाय रोवून ओढणारा तगडा गडी ४०-५० किलोची ओढ काही वेळ टिकवू शकतो. चार-पाच गडी पुरे. बगले दोन, आणि चाकांना, दांड्यांना हात लावणारी माणसं तीस-चाळीस. रस्त्याला चाळीस फुटांत एक फूट उतार असेल, तर तो उतारच २०० किलोची ओढ देतो आणि कोणी ओढायची गरज उरत नाही. एवढा उतार डोळ्याला दिसत नाही. माणसाला तो रस्ता सपाटच वाटतो. तोच रस्ता उलट दिशेने घेतला, तर ओढ ४०० किलोवर जाते. टवाळाचं वाक्य नेमकं या आकड्यावर बोट ठेवतं. त्याला यंत्रशास्त्र येत नसेल, पण प्रयोग कसा करायचा हे त्याला कळलेलं आहे.

आता या हिशेबाने काय सिद्ध होतं? गाड्या देव ओढत नाही, एवढंच. हे भगतालाही माहीत असतं, बगल्यांना तर असतंच. चाकाला हात लावणाऱ्या माणसाला आपण ढकलतोय हे कळत नाही, असं समजणं हा त्याचा अपमान आहे. तरीही तो दरवर्षी हात लावायला येतो. मुंबई-पुण्याहून सुट्टीला आलेला एखादा हुशार पोरगा "अहो, हे सगळे ढकलतायत" असा शोध लावतो तेव्हा गाव त्याच्याकडे का दुर्लक्ष करतं, याचं कारण इथे आहे. त्याने कोणीही न लपवलेली गोष्ट उघडी केलेली असते.

तर्काने विचारायचा खरा प्रश्न वेगळा आहे: गाड्या थांबवतं कोण?

माणूस दमाने पळतो तेव्हा वेग सेकंदाला अडीच मीटर असतो. त्या वेगाने निघालेल्या गाड्या सपाट रस्त्यावर सोडून दिल्या, तर आपापल्या विरोधाने थांबायला त्यांना सुमारे १३ मीटर लागतात. वर म्हटला तेवढा उतार असेल, तर उताराची ओढ आणि चाकांचा विरोध बरोबरीत येतात आणि गाड्या आपणहून थांबतच नाहीत. भगत पहिल्या गाडीच्या पुढे दोन मीटरवर असेल आणि ठेच लागून पडला, तर चाक त्याच्यापर्यंत पोचायला एक सेकंदही लागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या गाडीच्या मधल्या जागेत घुसलेल्या पोराचं तसंच. बारागाड्यांखाली माणसं सापडतात ती देवाच्या कोपाने सापडत नाहीत. बैलगाडीला ब्रेक नसतो, साखळदंडाला ढील असते आणि पुढच्याला मागचं दिसत नाही, म्हणून सापडतात. शेवटच्या गाडीला मागे जाड दोर बांधून तो धरायला पंधरा माणसं ठेवली, प्रत्येक गाडीच्या चाकापुढे टाकायला लाकडी ओंडका घेऊन एकेक माणूस चालवला, दोन गाड्यांच्या मध्ये कोणाला शिरू दिलं नाही आणि गाडीत पाचाच्या वर माणसं बसवली नाहीत, तर यात्राही होते आणि माणूसही घरी जातो. यातल्या एकाही गोष्टीला देव आड येत नाही. पण हे सांगायला यात्रेच्या पंचांत जाऊन बसावं लागतं आणि तिथे त्या टवाळाला जागा असते, व्हिडिओ काढून निघून जाणाऱ्याला नसते.

थट्टा आणि तर्क यांचं नातं मला असं दिसतं. तर्क दाव्याला लागू पडतो. माणसाने देवाजवळ काय मागितलं, का मागितलं, याला तो लागू पडत नाही. थट्टा मात्र या दोहोंच्या सीमेवर उभी राहू शकते. पण तिला एक अट आहे: समोरच्याला जिंकायची वाट तिने मोकळी ठेवली पाहिजे. "चढवर वढी दखाड" यात भगताला जिंकता येतं. त्याने खरंच चढावर ओढून दाखवल्या, तर टवाळाला गप्प बसावं लागेल. ही प्रामाणिक पैज झाली. "तुम्ही सगळे अडाणी" या वाक्यात समोरच्याला जिंकायला जागाच नाही, म्हणून ती थट्टा नाही, शिवी आहे. उलट बाजूलाही हेच लावून पाहा. "नवस फळला तर देव पावला, नाही फळला तर तुमच्या भक्तीत खोट होती" असं म्हणणाऱ्याने हरायची वाटच बंद केलेली असते. अशा दाव्याला तर्काचा चिमटा बसत नाही. तिथे एवढंच विचारता येतं की या व्यवहारात पैसा कोणाकडे जातो आणि दोष कोणाच्या पदरात पडतो.

मंगळाचं उदाहरण घेऊ. अमळनेरला मंगळग्रहाचं देऊळ आहे आणि मंगळवारी तिथे लांबलांबून माणसं येतात. बहुतेकांच्या घरात कुठेतरी अडलेलं लग्न असतं. आपल्याकडच्या रूढ रीतीने पत्रिकेत पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ आला की मुलगा किंवा मुलगी मंगळाची. बारा स्थानांपैकी पाच, म्हणजे शंभरात जवळपास बेचाळीस जण. ही स्थानं लग्नराशीपासून, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणाऱ्या राशीपासून, मोजतात आणि ती साधारण दर दोन तासांनी बदलते, त्यामुळे कुठल्याही एका दिवशी एकाच गावात जन्मलेल्या बाळांपैकी २४ तासांतल्या सुमारे दहा तासांतली बाळं मंगळाची ठरतात. आता डोळे मिटून कोणताही मुलगा आणि कोणतीही मुलगी निवडा. दोघांपैकी एकालाच मंगळ असण्याची शक्यता १४४ पैकी ७०, म्हणजे जवळपास निम्मी. दोघांनाही असण्याची १४४ पैकी २५, दोघांनाही नसण्याची ४९. या नियमाने वागायचं ठरवलं तर समाजातली निम्मी स्थळं पहिल्याच चाळणीत गळतात. एवढ्या स्थळांवर पाणी सोडून कोणत्याच समाजाला चालत नाही, म्हणून ज्योतिषाला अपवाद काढावे लागले: मंगळ मेषेत किंवा वृश्चिकेत असेल तर दोष नाही, मकरेत असेल तर नाही, गुरूची दृष्टी असेल तर सौम्य, अमुक वयानंतर शांत. अपवाद वाढत गेले कारण नियम पाळणं अशक्य होतं. गावातली एखादी म्हातारी आत्या यावर म्हणते, "लेकराले दोन घंटे थांबाले सांगनं व्हतं मग!" आणि सगळा हिशेब एका वाक्यात संपवते.

इथवर तर्क आणि थट्टा हातात हात घालून चालतात. पुढे मात्र तर्काने थांबावं, असं माझं मत आहे. ज्या बापाची मुलगी एकोणतिशीला आली, चार स्थळं मंगळाचं निमित्त करून परत गेली आणि जो आता अभिषेकाची पावती हातात घेऊन रांगेत उभा आहे, त्याला १४४ पैकी ७० सांगून काय होणार? त्याच्या मुलीला त्याने मंगळाची ठरवलेलं नाही, समोरच्या चार घरांनी ठरवलंय. त्याला हवा आहे नातेवाइकांपुढे ठेवायला एक पुरावा, की बाबांनो, शांत केली, आता बोला. त्या पावतीने लग्न मोकळं होत असेल, तर मी तिच्यावर हसणार नाही. हसायचं असेल तर त्या चार घरांवर हसावं, कारण त्यांनी नकाराचं खरं कारण मंगळाच्या मागे लपवलं असण्याचा दाट संशय आहे. हुंडा, रंग, शिक्षण, जमीन ही कारणं तोंडावर सांगायला जड जातात, मंगळ सांगायला हलका असतो. श्रद्धा माणसाकडून काय करवून घेते, हाच माझा तराजू आहे. दार उघडत असेल तर गप्प बसायचं, आणि बंद करत असेल तर मोठ्याने हसायचं.

खानदेशात हा प्रश्न नवा नाही. चाळीसगावजवळ पाटण्याला जो शिलालेख सापडला, त्यात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांचा अभ्यास चालावा म्हणून मठ उभारल्याची नोंद आहे. लेख शके ११२८ च्या सुमाराचा. हा चांगदेव यादवराजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. त्याचे आजोबा शके १०३६ मध्ये जन्मले आणि वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी आपला मोठा सिद्धांतग्रंथ पुरा केला. त्यातल्या गोलाध्यायात पृथ्वी कशावर टेकली आहे, या पौराणिक प्रश्नाचा ते समाचार घेतात. पृथ्वीला कोणी धरलं असेल तर त्याला कोणी धरलं, मग त्याला कोणी, असं किती मागे जाणार? शेवटचा स्वतःच्या बळावर उभा आहे असं म्हणायचंच असेल, तर ते पहिल्यालाच, म्हणजे पृथ्वीलाच का म्हणू नये? शेष, कूर्म, दिग्गज सगळे या एका प्रश्नात खाली उतरतात. ही जवळपास नऊशे वर्षांपूर्वीची थट्टा आहे आणि तिच्यात एकही अपशब्द नाही.

पण तेच भास्कराचार्य ग्रहणाकडे येतात तेव्हा वेगळं वागतात. ग्रहण सावलीने होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. सावलीची लांबी, स्पर्शाची वेळ, मोक्षाची वेळ ते गणिताने काढतात. मग पुराणातल्या राहूचं काय करायचं? ते म्हणतात, राहू हा अंधाररूप आहे आणि वर मिळाल्यामुळे तो पृथ्वीच्या सावलीत शिरून चंद्राला झाकतो, म्हणजे शास्त्रांशी विरोध नाही. आजच्या बुद्धिवाद्याला ही माघार वाटेल. मला ती अर्धी माघार वाटते आणि अर्धं शहाणपण. राहूला सावलीत बसायला जागा दिली, पण सावलीचं माप त्याच्या हातात दिलं नाही. ग्रहणाची वेळ गणितच सांगणार. ज्याला राहूला नमस्कार करायचाय त्याने करावा, पंचांगातला आकडा बदलणार नाही. मात्र त्या तडजोडीची किंमतही दिसते: पुढच्या पिढ्यांनी आकडा पंचांगकर्त्यावर सोपवला आणि राहूला तेवढं घरी आणलं. आजही ग्रहणात गरोदर बाईला कोंडून ठेवणारं घर पंचांगातली स्पर्शाची वेळ मिनिटापर्यंत पाळतं. ती वेळ सावलीच्या हिशेबातून आली, हे त्या घराला कोणी सांगितलेलंच नसतं.

दुसरा चांगदेव तापी-पूर्णेच्या संगमावरचा. मुक्ताईनगर तालुक्यात त्याच्या नावाचं गाव आहे, देऊळ आहे, आणि थोड्या अंतरावर कोथळी-मेहूणला मुक्ताबाईचं स्थान. परंपरा सांगते की चौदाशे वर्षं जगलेल्या या योग्याला ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं होतं, पण मायना जमेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा, तर ज्ञानाने मोठे. नमस्कार लिहावा, तर कालचं पोर. शेवटी त्याने कोरा कागद पाठवला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाली, चौदाशे वर्षं जगूनही हा कोराच राहिला. पोरवयातल्या मुलीने एका सिद्धाची अशी खिल्ली उडवली आणि आपण ती सातशे वर्षं प्रेमाने सांगतो. तिच्यावर कोणी भावना दुखावल्याची तक्रार केली नाही. उलट ज्याची खिल्ली उडाली तो परंपरेत तिचा शिष्य झाला, आणि आज दोघांची देवळं एकमेकांच्या शेजारी आहेत.

या गोष्टीचा पुढचा भाग मात्र बहुतेक जण गाळतात. ज्ञानेश्वरांनी त्याच कोऱ्या कागदाला पासष्ट ओव्यांचं उत्तर पाठवलं. मुक्ताईला कोरेपणात रितेपण दिसलं, त्यांनी तो कोरेपणा बोलायला योग्य मानला. थट्टेने पत्र उघडलं, पण ते तसंच उघडं टाकून कोणी निघून गेलं नाही. माझ्या मते श्रद्धेची थट्टा करणाऱ्यावर हे बंधन आहे. हसल्यानंतर बसावं लागतं, पासष्ट ओळी लिहाव्या लागतात. आजच्या थट्टेत नेमकं हेच नसतं. तीस सेकंदांची चित्रफीत, अंगात आलेल्या बाईचा चेहरा, खाली हसण्याच्या खुणा. त्या बाईच्या घरात काय चाललंय, वर्षभरात तिच्या बोलण्याला कोणी कान दिला का, अंगात आल्यावर तरी सासू तिचं ऐकते का, याची चौकशी कोणी करत नाही. ती चौकशी केली तर बहुतेक वेळा हसू थांबतं आणि बोलायला खरा विषय मिळतो.

देवाशी सलगी ही आपल्या बायकांनी सगळ्यात जास्त जपली. आखाजीला गौराई माहेरवाशीण म्हणून येते, झोका घेते, आणि शंकर तिला न्यायला येणारा जावई असतो. मग जावयाशी जसं बोलायचं तसंच त्याच्याशी बोललं जातं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तिच्या रोटासाठी सव्वा मुठीच्या मापाने गहू काढतात, रात्रभर जागरण होतं आणि सोमवारी सकाळी तिला नदीवर पोचवतात. पोचवताना बायका फुगड्या घालतात, रडतात, हसतात. या घरात देवी पाहुणी आहे, आणि पाहुणीची चेष्टा करणं हा जवळिकीचा भाग आहे. जिला रडून निरोप देता येतो तिच्यावर हसायचाही अधिकार आपोआप मिळतो. जो रडायला आला नव्हता, त्याला तो मिळत नाही. म्हणून दुसऱ्याच्या धर्माची थट्टा आपल्या धर्माच्या थट्टेइतकी मोकळी असू शकत नाही, आणि हिंदू गावातल्या बहुसंख्यांनी चार घरांच्या मुस्लिम वस्तीच्या उरुसावर केलेला विनोद हा विनोदच नव्हे. तिथे समोरच्याला जिंकायची वाट नाही, उलट हसून दाखवायची सक्ती आहे.

कायद्याबद्दल थोडंच. भावना दुखावण्याचं कलम १९२७ साली आलं, आता ते भारतीय न्याय संहितेत २९९ क्रमांकावर आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण त्यातले शब्द नीट वाचा: हेतू जाणीवपूर्वक आणि द्वेषयुक्त असला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये हे कलम वैध ठरवलं ते याच शब्दांवर बोट ठेवून. शिवाय शासनाची पूर्वमंजुरी असल्याशिवाय न्यायालय या गुन्ह्याची दखल घेऊ शकत नाही. गावच्या टवाळाविरुद्ध तक्रार घ्यायची का, हे ठरवणाऱ्या ठाणेदाराने आणि तक्रार द्यायला निघालेल्या पोरांनी हे दोन्ही मुद्दे आधी वाचावेत. गुन्हा अजामीनपात्र आहे, म्हणजे पुढे खटला टिकला नाही तरी एका वाक्यासाठी माणूस कोठडीत जाऊ शकतो.

आणि जिथे थट्टा करूच नये अशी जागाही आहे. सातपुड्यात, अक्कलकुवा-धडगावच्या पाड्यांवर बाईला डाकीण ठरवलं जातं. तिला मारहाण होते, गावाबाहेर काढलं जातं. साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात न नेता भगताकडे नेलं जातं. भगताला यश मिळाल्यासारखं दिसतं, कारण चावणारे बरेच साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडत नाही. पण नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसं चावलं असेल तर प्रतिसर्पविष हाच इलाज आहे, आणि मंत्रात गेलेला प्रत्येक तास आयुष्यातून वजा होतो. बाईला डाकीण ठरवून छळणं आणि साप चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्राने उपचार करणं, या दोन्ही गोष्टी २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहेत, सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच त्याचा अध्यादेश निघाला. डाकीण ठरवलेल्या बाईच्या दारात विनोद घेऊन जाऊ नये. तिथे दक्षता अधिकारी म्हणून नेमलेला पोलीस घेऊन जावं, आणि सापाच्या वेळी गाडी घेऊन जावं.

बाकी जागी मात्र टवाळ हवा. पुढच्या आखाजीआधी ज्या गावात बारागाड्या आहेत तिथल्या पंचांनी एक काम करावं. गवंड्याकडची पन्नास फुटांची पारदर्शक पाण्याची नळी घ्यावी. ती पाण्याने भरावी, आत बुडबुडा राहिला तर माप चुकतं, म्हणून तो झटकून काढावा. गाड्या जिथून निघतात तिथून सुरुवात करून चाळीस-चाळीस फुटांवर दोन्ही टोकांच्या पाण्याच्या रेषेपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजावं आणि फरक वहीत लिहावा. जिथे फरक एक फुटाजवळ येईल तिथे रस्त्यावर चुन्याची पट्टी मारावी. त्या पट्टीच्या आधी दोर धरणारे आणि ओंडकेवाले तयार पाहिजेत. नळीचं एक टोक टवाळाला द्यावं आणि दुसरं भगताला.